बाणकोट ते तवसाळ, पुळणीपुळणीने

कोकणात भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमचं सगळं काम या वेळांशी बांधलेलं होतं, म्हणून हे टिपणही तारखांऐवजी तिथींनीच लिहिलं आहे.

माघ वद्य दशमी: वेसवी, बाणकोट, वेळास

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली, वेसवीला उतरलो आणि बाणकोटच्या हिंमतगडाखालून वेळासला पोचलो. दुपारी दीडची ओहोटी गाठायची होती, त्यामुळे पिशव्या घरात टेकवून थेट किनाऱ्यावर.

काम थोडक्यात सांगते. बाणकोटच्या खाडीपासून गुहागर तालुक्यातल्या तवसाळपर्यंतच्या किनाऱ्याचा अधिवास-नकाशा आम्हाला करायचा होता. मुख्य लक्ष ऑलिव्ह रिडले कासवांवर, जोडीला खाडीतली पाणमांजरं आणि उंच झाडांवरची समुद्रगरुडाची घरटी. घरटं कुठे सापडलं याचा नकाशा नव्हे, तर घरटं कुठे होऊ शकतं याचा. या दोन नकाशांत किती अंतर आहे ते पुढच्या दिवसांत जास्त स्पष्ट होत गेलं.

आमच्याकडची साधनं फार महागडी नव्हती. जीपीएस, मोजपट्टी, वाळूत खोलवर जाणारा तापमापक आणि दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या. पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, उतार या काठ्यांनी मोजतात. एक काठी जमिनीकडे, दुसरी पाण्याकडे, दोन्ही ताठ उभ्या. पाण्याकडच्या काठीचं टोक आणि मागचं क्षितिज एका रेषेत आलं की ती रेषा जमिनीकडच्या काठीवर वरून किती सेंटीमीटर खाली येते ते वाचायचं. तेवढा उतार. मग दोन्ही काठ्या पुढे. कडक उन्हात, वाळूच्या झळांमध्ये, हे काम संथपणे चालतं. पण उपग्रहाच्या चित्रात वाळू नुसती पिवळी दिसते. ती कासवाला चढता येईल इतकी सौम्य आहे की लाटांनी उभी कापलेली आहे, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. गेली वीसेक वर्षं मात्र ते ओळखलं जातं कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची घरटी शोधत किनाऱ्याने फिरत होते, तेव्हा त्यांना इथे कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. त्यातून २००२ साली अंड्यांच्या संरक्षणाचं काम सुरू झालं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. एका प्राण्याची नोंद करायला निघालेल्या माणसांना दुसरा प्राणी सापडला, कारण ती माणसं त्या पुळणीवरून पायी चालत होती. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

रात्री कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. लवकर झोपलो.

एकादशी: वेळास

पहाटे निघालो. भरती सव्वाआठची, म्हणजे पाणी चढत होतं आणि रात्री उमटलेले माग पुसले जाण्याआधी वाचायचे होते. चंद्र अगदी कोर. आमच्याबरोबर कासवांची घरटी राखणारे गावातले एक कासवमित्र काका होते, साठीच्या पुढचे. त्यांनी आम्हाला विजेऱ्या बंद ठेवायला सांगितल्या आणि पायाखालची वाळू बघत चालू लागले.

माग सापडला तो पुळणीच्या दक्षिणेकडच्या निम्म्यात. रिडलेचे वल्ह्यांसारखे पुढचे पाय एकाआड एक पडतात, त्यामुळे मागाच्या दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर येत नाहीत. हिरव्या कासवाचे येतात. प्रत्येक ठशामागे वाळूची छोटी ढिगी सरकलेली असते, तिच्यावरून चढतीचा माग कुठला आणि उतरतीचा कुठला ते कळतं. काकांनी वाकून दोन क्षणांत सांगितलं, "ही चढली, हितं बसली, ही परत गेली." मधे वाळू उधळलेला एक पसारा होता. मादी अंडी घातल्यावर खड्डा बुजवते, अंगाने वाळू चोपते आणि मग आजूबाजूला वाळू फेकून जागा लपवते. काकांनी बारीक काठी हलक्या हाताने टोचत टोचत मऊ जागा शोधली आणि मग हाताने उकरायला सुरुवात केली.

सुरईच्या आकाराचा खड्डा, वर अरुंद, तळाशी फुगीर. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा पहिलं अंडं लागलं. एका घरट्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी असतात. ती काढताना जशी होती तशीच ठेवायची, फिरवायची नाहीत, आणि काही तासांच्या आत हॅचरीत, म्हणजे अंडी राखण्यासाठी कुड घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून पुरायची. सगळं काम काकांनी न बोलता केलं. माझ्याबरोबरची प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी प्रत्येक अंड्याची नोंद ठेवत होती. तिने पहिल्यांदाच हे पाहिलं. तिचा आवाज मधेच बारीक झाला.

मूळ जागेवर आम्ही आमचं मोजमाप केलं. भरतीच्या रेषेपासून किती आत, मर्यादवेलीच्या काठापासून किती बाहेर, उतार किती, अंड्यांच्या खोलीवरचं तापमान किती. हे तापमान महत्त्वाचं. कासवाच्या पिल्लाचं लिंग गुणसूत्रं ठरवत नाहीत, वाळूची ऊब ठरवते. सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी मिश्र निघतात, त्याखाली नरांकडे कल आणि वर माद्यांकडे. साधारण ४५ ते ६० दिवसांत अंडी फुटतात. जानेवारीत घातलेली अंडी आणि मार्चमध्ये घातलेली अंडी यांच्या वाट्याला वेगळी वाळू येते. म्हणून नुसती "घरट्याला योग्य" अशी एकच रंगछटा देऊन भागत नाही. सावली कुठे आहे, उघडी वाळू कुठे आहे, हेही त्या नकाशात यावं लागतं.

दुपारी हॅचरीच्या कुडाशेजारी बसून जुन्या वह्या पाहिल्या. तारीख, वेळ, अंडी किती, पिल्लं किती, कुणाला सापडलं. वर्षानुवर्षं राखलेलं, वळणदार अक्षरातलं काम. आम्ही त्यातल्या जागा नकाशावर टाकत गेलो आणि थोड्या वेळाने एक गोष्ट दिसू लागली. घरट्यांचे ठिपके पुळणीच्या ज्या भागात दाटले होते, गस्तीची वाटही तिथूनच जात होती. कड्याखालच्या, खडकांपलीकडच्या लहान तुकड्यांवर जवळपास काहीच नव्हतं.

काकांना विचारलं, त्या बाजूला कासवं येत नाहीत का?

"येत असतील की, ताई. रात्रीचं तिकडं जाणार कोण? जाणारा नाय म्हणून नोंद नाय."

हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं. घरट्यांचा नकाशा हा बऱ्याच अंशी चालणाऱ्या माणसांचा नकाशा असतो. जिथे कासवमित्र आहे तिथे कासव आहे. जिथे तो नाही तिथे कागदावर कासवही नाही, आणि जिथे कागदावर कासव नाही तिथे उद्या काय बांधलं जाईल ते कुणी विचारत नाही. आम्हाला ठिपक्यांमधली मोकळी जागा भरायची होती.

द्वादशी: केळशी, आडे, आंजर्ले

भारजा नदीची खाडी ओलांडून दापोली तालुक्यात आलो. केळशीला उंच वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे. आमचं लक्ष तिच्या समुद्राकडच्या पायथ्याशी होतं. तिथे वाळू कशी धरली जाते ते पाहण्यासारखं आहे. आधी मर्यादवेल येते, जांभळ्या फुलांची, दोन पाळ्यांच्या पानांची, मीटरच्या मीटर पसरत जाणारी. तिने वाळू अडवली की मागे टोकदार पात्यांचं गवत, त्यामागे केवडा, मग उंडी. मर्यादवेलीच्या अलीकडचा जो कोरडा पट्टा, भरतीच्या रेषेच्या वर आणि वेलीच्या खाली, तोच कासवाचा. कुठे पंधरा-वीस पावलं रुंद, कुठे दोनच.

सगळा प्रश्न या पट्ट्याचा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत कासवांची घरट्यांची जागा, वाळूच्या टेकड्या, कांदळवनं, खाजणं ही सगळी सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. कायदा आहे. पण तो नकाशावर उतरतो १:२५,००० या प्रमाणात. एक सेंटीमीटर म्हणजे अडीचशे मीटर. तीस मीटर रुंदीची पुळण त्या कागदावर जेमतेम एक मिलिमीटर भरते, पेन्सिलीच्या रेघेएवढी. तिच्यातला कासवाचा दहा मीटरचा पट्टा काढायचा कसा? गावपातळीचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे असतात, त्यांत तो दाखवता येतो. मात्र त्यासाठी कुणीतरी तिथे जाऊन काठ्या उभ्या कराव्या लागतात.

आड्याच्या बाजूला जाताना एका ठिकाणी दगडी धूपप्रतिबंधक बंधारा लागला. मागे नारळीची बाग, घरं. लोकांनी तो हौसेने मागितलेला नाही. दर पावसाळ्यात बाग खचताना त्यांनी पाहिली आहे. पण बंधाऱ्याच्या पायथ्याशी भरतीचं पाणी थेट दगडाला लागतं आणि कोरडी वाळू उरत नाही. रात्री चढून आलेली मादी दगडाला थडकते, डावीकडे उजवीकडे चालते आणि अंडी न घालता परत जाते. दगडाला समांतर गेलेला असा एक जुना माग आम्हाला दिसला. त्याची नोंद "घरटं नाही" म्हणून होते. मी आमच्या नोंदीच्या ॲपमध्ये वेगळा रकाना केला: "आली होती". मला वाटतं, या पूर्ण किनाऱ्याच्या नकाशात हा रकाना घरट्यांच्या रकान्याइतकाच मोलाचा ठरेल, कारण जागा अजून मादीच्या वाटेवर आहे एवढं तो सांगतो.

सुरूचंही तसंच. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या सुरूच्या ओळी कुठे कुठे अगदी भरतीच्या रेषेपर्यंत आल्या आहेत. मुळांनी वाळू घट्ट केली आहे आणि सुयांसारख्या पानांचा थर साचला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत सुरू, नारळ, पोफळी आडव्या झाल्या. त्यानंतर किनाऱ्यावर पुन्हा काय लावायचं याचा विचार करताना उंडी, केवडा आणि मर्यादवेल आधी आठवायला हवेत.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी चढून खालची अख्खी पुळण आणि जोग नदीचं मुख एकदम पाहिलं. दिवसभर पायांनी मोजलेलं वरून डोळ्यांनी तपासता आलं. तीनच्या ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडला होता, त्यावर कुरव आणि सुरय यांचे थवे.

त्रयोदशी: कोळथरे, दाभोळ, वाशिष्ठीची खाडी

सकाळी कोळथऱ्याच्या वाटेवर समुद्रगरुडाचं घरटं पाहिलं. जुन्या आंब्याच्या शेंड्याकडे काटक्यांचा प्रचंड ढीग. हा पक्षी तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो, म्हणून एक झाड नोंदवणं म्हणजे एका जोडीची पुढची कित्येक वर्षं नोंदवणं. झाडाखाली सागरी सापाचा वाळलेला कणा पडला होता. समुद्रगरुडाच्या आहारात सागरी साप असतातच. झाडाच्या मालकांनी आजोबांच्या वेळेपासून हे घरटं असल्याचं सांगितलं. ते झाड त्यांनी तोडलेलं नाही, यापेक्षा मोठं संरक्षण मला माहीत नाही. नकाशावर झाडाची अचूक जागा जाणार नाही, असं त्यांना सांगूनच पुढे निघालो.

दुपारी दाभोळहून एका मच्छीमार दादांच्या होडीने वाशिष्ठीच्या खाडीत शिरलो. इथे कांदळ, तिवर आणि चिपी या खारफुटीच्या झाडांची भिंत दोन्ही काठांना. पावणेचारची ओहोटी, त्यामुळे चिखलाचे उतार उघडे होते. पाणमांजराचा शोध डोळ्यांनी कमी, नाकाने जास्त घ्यावा लागतो. ही मंडळी कळपाने राहतात आणि एखाद्या खडकावर किंवा उंचवट्यावर ठरवून विष्ठा टाकतात. ती माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांनी भरलेली असते आणि तिचा वास लांबूनच येतो. दादांनी होडी हळू केली आणि बोटाने एक कातळ दाखवला. वर ताजी, ओलसर खवलं चमकत होती. शेजारच्या चिखलात पडदा असलेल्या बोटांचे ठसे. त्याच काठावर थोडं पुढे मगरीच्या सरपटण्याचा रुंद ओरखडा. वाशिष्ठीतल्या मगरी चिपळूणकरांच्या ओळखीच्या आहेत.

पाणमांजरांनी जाळं फाडल्याची तक्रार दादांनी केली, चिडून नव्हे. जाळ्याला लागणारे पैसे खरे आहेत आणि त्यांची भरपाई कुठल्याच रकान्यात नाही. आम्ही ती जागाही नोंदवली. जिथे माणसाचं आणि प्राण्याचं जाळ्यावरून भांडण आहे ती जागा अधिवासाच्या नकाशात यायलाच हवी, नाहीतर तो नकाशा गावात कुणी आपला मानणार नाही.

संध्याकाळी फेरीबोटीने धोपाव्याला. खाडीच्या मुखाशी कुबडवाल्या डॉल्फिनच्या पाठी दोनदा वर आल्या. हे डॉल्फिन उथळ पाण्याचे, नदीमुखांच्या आसपासचे. मासेमारी, बोटी आणि बंदरं यांची गर्दीही त्याच पट्ट्यात. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ते "संकटग्रस्त" वर्गात आहेत.

महाशिवरात्र: गुहागर

गुहागरात व्याडेश्वराच्या देवळात पहाटेपासून रांग. गाव माणसांनी फुललेलं. आम्ही दर्शन घेऊन किनाऱ्यावर गेलो आणि दिवसभर ती लांबलचक, सरळ पुळण तुकड्यातुकड्याने मोजली.

याच पुळणीमुळे कोकणातल्या कासवांबद्दलचा एक जुना समज बदलला. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर लावले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरमध्येच बागेश्री आणि गुहा. बागेश्री दक्षिणेला उतरली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. मग उलट्या दिशेची बातमी आली. ओडिशात २०२१ साली धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं आता सरसकट म्हणता येत नाही. ओडिशात हजारोंनी एकदम येणाऱ्या माद्यांपैकी एखादी इथे, जिथे रात्रीत एखादंच घरटं होतं, तिथेही येते. मग इथल्या दहा मीटरच्या पट्ट्याचं वजन केवढं वाढतं!

रात्री उजेडाचा नकाशा केला. ठरावीक अंतरावर थांबून जमिनीकडचे दिवे मोजायचे, त्यांचा रंग लिहायचा, वाळूवर आपली सावली पडते का ते पाहायचं. पिल्लं वाळूतून वर आल्यावर सर्वांत उजळ, सखल क्षितिजाकडे धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. एका पांढऱ्या फ्लडलाइटने ते जमिनीकडे वळतं. दिवा विझवायची गरज नसते, खाली वळवला, आडोसा घातला, पिवळसर केला तरी फरक पडतो. दोन घरमालकांनी त्याच रात्री दिवे वळवून दिले. तिथून परत येईपर्यंत त्या टापूतल्या वाळूवर आमच्या सावल्या उरल्या नव्हत्या.

अमावास्या: तवसाळ

उधाणाचा दिवस. वर्षातल्या मोठ्या भरतींपैकी ही नव्हे, तरी महिन्यातल्या मोठ्यांपैकी नक्की. सव्वाअकराच्या सुमाराला पाणी जिथवर चढलं त्या रेषेवरून जीपीएस घेऊन चाललो. मागच्या दिवसांत भांगाकडच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला काढलेली रेषा आणि आजची रेषा यांत काही ठिकाणी फारच थोडं अंतर होतं, तर सपाट जागी पाणी पार मर्यादवेलीत शिरलं होतं. त्या सपाट जागी घातलेली अंडी अशा दिवशी भिजून कुजतात. म्हणजे दिसायला रुंद असलेली पुळणही खरी उपयोगाची असेलच असं नाही. आमच्या नकाशातला "योग्य" रंग त्या दुपारी बराच आक्रसला, आणि जो उरला तो भरवशाचा.

खडकांपलीकडच्या एका चिमुकल्या तुकड्यावर, जिथे ना रस्ता जातो ना गस्त, ओहोटीच्या वाटेने उतरलो. तिथे फुटलेली, वाळलेली टरफलं होती. भोवती कुत्र्यांचे माग. कुठल्याही वहीत नसलेलं घरटं. काकांचं वाक्य आता नकाशावर एक ठिपका होऊन बसलं.

संध्याकाळी गावातले काही लोक, दोन कासवमित्र आणि आम्ही असे एका अंगणात बसलो. लॅपटॉपवर थर एकेक करून दाखवले: उतार, कोरडा पट्टा, उजेड, बंधारे, सुरू, कुत्रे, "आली होती". चर्चा सर्वांत जास्त रंगली ती काय दाखवायचं नाही यावर. घरट्यांचे अचूक ठिपके उघडे केले तर अंडी चोरणाऱ्यालाही तेच मिळतील. ठरलं ते असं की बाहेर जाणाऱ्या नकाशात एक किलोमीटरचे चौकोन, अचूक नोंदी वनविभागाकडे आणि गावाच्या वहीत. समुद्रगरुडाचं झाड कुठेच नाही.

त्या अनोळखी तुकड्याचं काय? तिथे रात्री जायला खडकांमुळे धोका आहे, पण सकाळच्या ओहोटीला आठवड्यातून दोनदा कुणी चक्कर मारली तरी नोंद सुरू होईल. गावातल्या एका तरुणीने ते काम मागून घेतलं. बरोबर तिचा भाऊ जाणार. आम्ही आमचा सुटा जीपीएस आणि एक जोडी काठ्या तिच्याकडे ठेवल्या. उतार कसा वाचायचा ते अंगणातच शिकवलं, क्षितिजाच्या जागी शेजारच्या घराचं कौल धरून.

सरपंचांनी ग्रामसभेसाठी छापील प्रत मागितली आहे, गावाच्या सर्व्हे नंबरांवर बसवलेली, मराठीत. पावसाळ्यात पुळण वाहून जाते आणि आश्विनात परत भरते, त्यामुळे तीच मोजणी ऑक्टोबरमध्ये पुन्हा करावी लागेल. तोवर पहिली प्रत शिमग्याआधी पोचवायची आहे, कारण शिमग्याला मुंबईकर गावात असतात आणि किनाऱ्यालगतच्या बऱ्याच जमिनी त्यांच्याच नावावर आहेत.